वाकण

दिवाळ्याच्या बंदरावर, सुकत घातलेल्या जाळ्यांपलीकडे
बाबांची होडी सात वर्षं उभी होती.
उभी कसली, टेकलेली:
दोन ड्रम, चार विटा, एक जुनं टायर.

रात्री तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलारी,
सकाळी हातपाय धुऊन रंधा.
पगारातून फळी यायची. कधी अर्धीच.
एका दिवाळीला नुसते खिळे आले, तांब्याचे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
आईने ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवले,
बोलली काही नाही.

सातव्या बरगडीपायी सव्वा वर्ष गेलं.
बाभूळ हवी होती, पण आधीच वाकलेली,
होडीच्या पोटाला बसेल अशी.
"सरळ लाकूड कापून गोल करा की," मी म्हटलं.
"रेषा तुटते गो. तुटलेली रेषा लाटंला कलते.
वाकान करायचा नसतं, गावायचा असतं."
मग सुट्टीच्या दिवशी एसटीने पनवेलच्या मागे,
बांधाबांधाने लोकांच्या बाभळी न्याहाळत.
माझ्यासाठी स्थळं एवढी कुणी पाहिली नाहीत.

त्याच वर्षी सीएचा दुसरा ग्रुप
तिसऱ्यांदा राहिला. आठ मार्कांनी.
सांगायला बंदरावर गेले तर
ते फळीला कान लावून टिचक्या मारत होते.
"सुकली नाय अजून," म्हणाले.
फळीबद्दल की माझ्याबद्दल,
मी विचारलं नाही.

यंदा माघातल्या उधाणाला होडी पाण्यात गेली.
रेटायला सगळी आळी. हसुरामकाका पाठ धरून ओरडत होते,
पदीकाकूने नारळ फोडला, पेढे वाटले,
आणि होडी गळायला लागली.
एका सांध्यातून नाही, सगळ्यांतून.

बाबा तंबाखू मळत राहिले.
"गलू दे. लाकराला पानी प्यावं लागतं.
फुगला का मिटतं आपला आपण."

तीन रात्री आम्ही पाळीने उपसलं,
ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्याने.
दुसऱ्या रात्री मी एकटी. मांडीवर ऑडिटचं पुस्तक,
कपाळाला बॅटरी, कांदळवनातून चिखलाचा वास,
दूर पामबीच रोडवर एखादीच गाडी.
एक पान, दहा डबे. एक पान, दहा डबे.

पहाटे केव्हातरी ध्यानात आलं,
मी सलग चार पानं उलटलीत
आणि पाणी
घोट्याच्या खाली होतं तिथेच आहे.