शून्य आणि टिंब

बावीस वर्षं मी एकच गाठ शिकवत आले:
उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर,
ओढली तर घट्ट, ढकलली तर सैल.
दोंडाईच्याला, शाळेमागच्या मैदानात,
शनिवारी सव्वासातला शिट्टी वाजली
की बत्तीस मुली नालाकृती उभ्या.

यंदा अकरा.
त्यातल्या चौघी निंबाच्या सावलीत.
स्कार्फ दप्तरात,
वॉगल कुणाच्या तरी भावाच्या किल्लीला.

म्हटलं, बोला. आज कवायत नाही.
बराच वेळ फक्त मालगाडी बोलली.
मग ललिता वळवी, मान खाली घालून:
"तीन दगडनी चूल, वर खिचडी.
हाई ते आम्ही घर रोजच करतस, मॅडम.
त्याना बिल्ला कसाले?"

हसली सगळी नाल.
मीही हसले, जरा उशिरा.

शबनूर पिंजारी हसली नाही.
"खरी कमाई म्हणून सायकली पुसायला लावता,
खरी कमाई माझी आई करते.
पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडते,
आणि काट्यावर किलो-अर्धा किलो
रोज कुठे जातो, कळत नाही.
ते शिकवा."

मला येत नव्हतं ते.
पुढच्या शनिवारी पथारीवर गेलो,
शिंकत, डोळे पुसत,
लाल शेताच्या कडेला वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर,
आणि शबनूरच्या मामाकडून आणलेला काटा.
मुकादम म्हणाला, हे गाइडमध्ये कधीपासून?
मी म्हटलं, आजपासून.
पोत्याचं तोंड मात्र दीपमालाने बांधलं
माझ्याच गाठीने.
मी पाहिलं. बोलले नाही.

जुन्यातलं एकच त्यांनी मागून घेतलं:
मागाच्या खुणा.
बाण म्हणजे इकडून. फुली म्हणजे इकडून नको.
आणि शेवटी वर्तुळ, मधोमध टिंब:
मी घरी गेले.

क्लास सुटतो आठला.
फाटकापासून पुढचे तीन दिवे दिवाळीपासून बंद.
तिथे खांबांवर खडूने बाण आले,
देशी दुकानाच्या बोळाला ही मोठी फुली.
कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलं.
पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं.
मग खुणा मोबाइलवर गेल्या.
वर्तुळ काढायचा कंटाळा,
म्हणून नुसतं शून्य आणि टिंब.

आता रोज रात्री, भाजी ढवळताना,
ओट्यावर माझा फोन थरथरतो.
०. ०. ०.
अकरा मुली दार लावून घेतात.
जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलंय:
सदर उपक्रम अभ्यासक्रमात नमूद नाही.
फाइलला लावलंय. रीतसर, दोरीने.

परवा दहाच आले.
साडेआठ. नऊ. दीपमाला गिरासे नाही.
तिच्या घरी फोन लावू, तर तिथे काय सांगू?
सव्वानऊला मी चपला घातल्या,
शिबिराची जुनी टॉर्च घेतली
(दोनदा थोपटल्याशिवाय लागत नाही)
आणि फाटकापर्यंत चालत गेले,
त्या पुसलेल्या फुलीपर्यंत.
तिथे उभी राहिले. कुत्रं भुंकलं.
या रस्त्याने त्या रोज येतात,
मी बावीस वर्षांत रात्री पहिल्यांदा.

नऊ अठ्ठेचाळीसला आलं तिचं शून्य, तिचं टिंब.
खाली एक ओळ:
"भाऊनी मोबाइल दपाडी ठेयेल व्हता."

परत निघाले. भाऊ डोक्यातून जाईना.
त्याला कुठला बाण, कुठली फुली?
शनिवारी विचारायचं. सगळ्यांसमोर नको.

कुलूप काढते तोच फोन पुन्हा थरथरला.
शबनूरच्या गच्चीवरून टॉर्च दिसली होती,
आणि बातमी एव्हाना सगळ्या पथकात.
ललिताने लिहिलेलं:
"मॅडम, तुम्ही कोठे शेतस?
तुमनं टिंब नही उनं."

मी दारातच उभी.
शून्य लगेच सापडलं.
टिंबासाठी चष्मा शोधावा लागला.