फुलायच्या आत

वही माझ्याकडे आहे, म्हणून मीच लिहिते.
शंभर पानी, मळखाऊ पुठ्ठ्याची,
पहिल्या पानावर शाळेतल्या कुणाचं तरी नाव खोडलेलं.
त्याखाली: रानमोडी. जैतापूरच्या खाडीलगतच्या सहा वाड्या. कार्तिक.

कार्तिकच का, ते गुणाजी पाष्ट्यांना विचारा.
भात झोडून होतं तेव्हा जमीन आतून ओली असते,
मूळ सगळं येतं हातात.
महिन्याभराने ओढाल तर नुसता दांडा येतो
आणि मूळ खाली बसून हसतं.
मार्गशीर्षात ती फुलते,
पांढरट जांभळी, दिसायला काही वाईट नाही,
माझ्या भाचीने तर तिच्यासोबत फोटो काढला होता.
मग फाल्गुनात म्हातारी सुटते,
एकेका झाडाच्या हजारो,
त्यांना ना गडगा अडवतो
ना ग्रामपंचायतीचा ठराव.

म्हणून सहा वाड्या.
एकाच वाडीने उपटायचं
म्हणजे होडीच्या एका टोकाचं पाणी उपसायचं.
हे रुक्साना सोलकरचं, खाडीपल्याडच्या मोहल्ल्यातली ती.
सभेत बोलली, आणि मागच्या बाकावरचे
पहिल्यांदाच गप्प झाले.

सोमवार. वरचा सडा. माणसं एकवीस, अर्धी शाळेची.
कोयते नकोत म्हणून सांगितलं होतं, तरी आले.
कापली की एकीच्या पाच होतात,
हे दरवर्षी सांगावं लागतं.

मंगळवार. पऱ्ह्याकाठची घाणेरी.
हातमोजे चार, हात तीस.

बुधवार. कोणीही नाही.
खाली होड्यांना बांगडा लागला.
बांगड्याशी कोण भांडणार.

गुरुवार. सरपोतदारांची बाग.
इथे पान अर्धं कोरं आहे.
सातबाऱ्यावर सव्वीस नावं,
सात मयत, एक बडोद्याला,
एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही,
बाकीच्यांचे फोन: लावून बघा.
गडग्याच्या आत रानमोडी पुरुषभर उंच,
कलमांच्या फांद्यांत शिरून वर आलेली.
मागच्या वैशाखात वणवा उठला तो इथूनच,
शेजारच्या बाण्यांचे चाळीस काजू गेले.
आत जायचं, पण परवानगी कुणाची?
अर्धा तास हेच चाललं होतं.
मंजुळा बाणे म्हणाली,
"आगीने घेतलेली काय परवानगी?"
आणि गडगा चढली.

मी लिहिलं: माणसं एक.
खोडून लिहिलं: दोन, कारण पदर खोचून मीही चढले.
पुढे मोजायचं राहूनच गेलं.

उतरताना जांभ्याचा कंगोरा तळव्यात घुसला.
रक्त थांबेना.
गुणाजींनी उपटलेल्या ढिगातलीच चार पानं घेतली,
चोळली, रस पिळला जखमेवर.
जळजळलं. थांबलं.
"हीच?"
"हीच," ते म्हणाले. "गुणाची आहे, बाई.
पण पाहुणा गुणी निघाला म्हणून
त्याच्या नावावर जमीन करायची नसते."

शनिवारी तिच्याखालून एक विहीर निघाली.
चिरेबंदी, पायऱ्या शाबूत,
असल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं.
पाण्यात एक बेडूक होता.
त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही.

पौषात फिरून पाहिलं.
सड्यावर तुरळक. पऱ्ह्याला बऱ्यापैकी परत आलेली.
सहावी वाडी शेवटपर्यंत आलीच नव्हती,
तिथला उतार पांढरा झालाय, दुरून दिसतो.
हेही लिहून ठेवलं. वही खोटी ठेवून काय करायची?

काल बडोद्याहून फोन आला.
आमच्या बागेत कोण शिरलं म्हणून.
नावं वाचून दाखवली, चौदा आठवली तेवढी.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग विचारलं, विहिरीला पाणी आहे का अजून?
आहे, म्हटलं.
पुढच्या वर्षी पुन्हा शिरणार आहोत.
येणार असाल तर हातमोजे घेऊन या.
आणि फुलायच्या आत या.