डावीकडचा

औषध नेहमीचंच, सुई बारीक.
तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये वाट मिळाली
आणि थेंब आला, झऱ्यासारखा स्वच्छ.
आम्ही भूलवाले त्या थेंबाला बघून श्वास सोडतो.
कंबरेखालची एर्मेलिंदा ग्वेन्तेओ झोपली,
वरची जागी राहून
कास्त्रोच्या बाजारातले बटाट्यांचे भाव सांगत होती
सर्जन तिचा गुडघा बदलेपर्यंत.

नवव्या दिवशी आली. आधी डोकं दुखलं म्हणे,
उठलं की दुखे, पडलं की थांबे.
मग एका सकाळी
दाल्काउएच्या धक्क्याला दोन फेरीबोटी लागल्या,
दोन्हींवर तोच पोरगा, तोच दोर फेकत.
"कुठला दोर खरा ते बांधल्यावर कळलं."

मी पुस्तकातलं सांगितलं:
पाठीतलं पाणी झिरपतं, मेंदू किंचित खाली बसतो,
डोळा बाहेर वळवणारी एक लांबलचक नस ताणली जाते.
क्वचित. फार क्वचित.
सही घेताना हेच मी एका दमात म्हटलं होतं,
तिकिटामागचे नियम वाचावेत तसं.

ती ऐकत होती, माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघत.
"तुमच्यापैकी सुई कुणी टोचली?"
मी हात वर केला.
"दोघांनीही केला," ती म्हणाली.
"मी आपली डावीकडच्याशी बोलते. तो जरा घाबरलेला दिसतो."

पट्टी दिली. एक दिवस हा डोळा, एक दिवस तो.
हातातला बटाटा एकच दिसे, जांभळा, मातीसकट;
विणायच्या सुयांवरचे टाके एकेकटे, नीट.
लांबचं तेवढं फुटे: चर्चचा मनोरा, गाय,
पलीकडच्या बेटावरून येणारी सून.
"जवळ ये," ती प्रत्येकाला म्हणायची, "म्हणजे एक होशील."
मलाही म्हणाली.
मी टेबलाच्या या बाजूलाच बसून राहिलो, कागद चाळत.

सातव्या आठवड्यात दोन बोटी एकमेकींत शिरल्या.
पट्टी परत द्यायला आली, सोबत बटाट्याची भाकरी,
फडक्यात अजून चुलीची ऊब.
दारातूनच बघितलं तिनं मला.
"एकच आहेस," म्हणाली, "दुसरा गेला वाटतं."

गेला नाही.
आताही कुणाच्या पाठीशी बसलो
की तो डावीकडे स्टूल ओढतो.
थेंब येतो, मी श्वास सोडतो,
तो सोडत नाही.