साक्ष

कवठेमहांकाळच्या माळावर
अप्पांना मांडी घालून बसवलं.
अंगठी आत्यानं आधीच काढून घेतली होती;
तळहातात तेवढं लिंग, अंगभर भस्म.

इतिहास शिकवायचे. इजिप्त आलं की
फळ्यावर हिरव्या खडूनं किडा काढत.
दगडाचा. मेलेल्याच्या छातीवर ठेवायचा,
मागं कोरलेलं :
काळजा, तिथं माझ्याविरुद्ध बोलू नकोस.
आम्ही खिदळायचो, शेणकिडा, गुरुजी?

दोन मार्कांनी त्यांनी पाडलेला सुदाम रोकडे
मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आला होता.
शाळा तेव्हाच सुटली त्याची.

ढेकळांतून एक किडा
मागच्या पायांनी गोळी ढकलत
खड्ड्याच्या काठाशी आला.
कुणीतरी चप्पल उचलली.
सुदाम म्हणाला,
असू द्या. जाऊ दे त्याला आत.