भट्टीपासून दूर

शिश्लीतल्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
मी डोकी धुते.
कापत नाही, टोचत नाही, फक्त धुते.
कोमट पाणी, फेस, बोटांची टोकं,
नखं आठवड्यातून दोनदा कापलेली.

रिफ्की उस्ता आले तेव्हा तिसरा दिवस होता.
सूज उतरत उतरत पापण्यांवर बसलेली,
आणि टाळूभर ठिपकेच ठिपके,
प्रत्येकाभोवती लालीचं बारीक रिंगण.
"सिमितवर तीळ दाबलेत," आरशात बघून म्हणाले,
"भाजायचं तेवढं राहिलंय."

भाजायचं नाव काढू नका, डॉक्टर म्हणाले.
महिनाभर आच नको, घाम नको.
सदतीस वर्षं फातिहमधल्या भट्टीच्या तोंडाशी उभा माणूस
गल्ल्यावर बसला,
पुतण्याने स्टूल पुसून दिलं, पाहुण्याला देतात तसं.

दहाव्या दिवशी खपल्या भिजवल्या.
सुटतात आपोआप, घाई केली नाही तर.
त्यांचा हात सारखा वर जायचा,
मी मनगट धरून खाली ठेवायची.
घरी मुलाशी बोलताना मला हे जमत नाही,
तिथे माझीच नखं आधी पोचतात.
ते असो.

"लाली कधी जाणार?"
गोऱ्या कातडीवर रेंगाळते, म्हटलं.
कुणाला दोन महिने, कुणाला चार.

सहाव्या आठवड्यात ते पुडी घेऊन आले.
पावाच्या कागदात केस.
लावलेलेच, उशीवरून वेचलेले,
वर पेन्सिलीने आकडा.
"हेही निघाले."
निघणारच. मूळ आत आहे.
हे वाक्य मी दिवसातून नऊदा म्हणते
आणि समोरचा दर वेळी माझ्याकडे
उसने मागायला आल्यासारखा बघतो.

मग हातात आरसा दिला.
डोकं त्यांनी पाहिलंच नाही,
कपाळ पाहत राहिले.
भट्टीने चढवलेली लाली,
जिला ते आपला रंगच समजत आले होते,
उतरली होती.
खाली कणकेसारखा फिकट,
कुणी न शेकलेला एक माणूस.
वर टाळू तेवढी अजून गुलाबी.

"गुलिझार म्हणते, लग्नात मी असाच होतो."
जरा थांबून,
"मला नाही आठवत."

मी नळ सोडला,
मनगटावर पाणी घेऊन ऊब पाहिली.
पुडी त्यांनी
घडी मोडू न देता
परत खिशात ठेवली.