उजवी आधी

आमच्या दुकानात पहिला नियम हा:
उजवी आधी.
चप्पल कोणत्या पायात आधी, मला घेणं नाही,
पण लेन्स उजवी आधी. रोज. लग्नात, सुतकात, परीक्षेत.
नाहीतर डावीची उजवीत जाते
आणि माणूस दिवसभर म्हणतो, आज जालना वाकडंच दिसायलंय.

मी डॉक्टर नाही. डॉक्टर रविवारी येतात.
मी आरशासमोरच्या स्टुलावर बसवून शिकवणारी,
अकरा वर्षं झाली.
माझी नखं बघा, इतकी छाटलेली
की आई म्हणते, ह्या हातांवर मेंदी रुसते.

हात धुवा. साबण बिनवासाचा.
सकाळी ठेचा वाटला असेल तर उद्या या.
अंबडच्या एक बाई न सांगता बसल्या, मग अशा रडल्या
की बाहेरच्या बाकावरून त्यांचे मालक उठून आले,
काय बोललात तुम्ही त्यांना?

मऊ लेन्स बोटाच्या टोकावर, उजेडाकडे धरा.
वाटीसारखी उभी राहिली तर सुलटी,
ताटलीसारखी काठ पसरून बसली तर उलटी.
उलटी घातल्यानं कुणी आंधळं होत नाही,
डोळा नव्या चपलेसारखा कुरकुरतो, एवढंच.

मयूरी तौर दर महिन्याची जोडी नेते,
कबड्डीत तिचा चष्मा दोनदा फुटलाय.
घुंगर्ड्याची नवरी राखाडी मागते, बिननंबरी.
देते. फक्त हळदीच्या दिवशी घालू नको, बाई,
फोटोत मांजर नाही, कावीळ दिसेल.

असदचं वेगळं.
त्याचं बुबुळ भोवऱ्यासारखं टोकाला आलेलं.
चष्म्यानं भागेना. मऊ लेन्स त्या टोकावर तशीच वाकायची.
कडक आणली, टिकलीएवढी,
तर सळयांच्या मिलमधला एक कण आत गेला
की क्रेन थांबवून हा डोळा धरून खाली.
शेवटी हैदराबादहून मोठी मागवली.
ती बुबुळाला शिवत नाही, पांढऱ्यावर टेकते
आणि मधे पाणी धरून ठेवते. दिवसभर.

बाटलीतलं पाणी, निर्जंतुक, खारट.
नळाचा थेंबसुद्धा चालायचा नाही, मी बजावत होते,
तेवढ्यात वर गच्चीवर ड्रम सरकवायचा आवाज झाला,
बाराव्या दिवशी नळ आला होता.
असद हसला. ताई, म्हणाला,
आमच्यात नळाचं पाणी कुणी सांडत नाही.

काठोकाठ भर. बुडबुडा नको.
मान खाली. अजून. नाक फरशीकडं.
वरची पापणी धर, खालची धर, आता डोळा पाण्याकडं ने.
पाच वेळा सांडलं. सहाव्यांदा बुडबुडा.
गल्ल्यावरून शेठ बाटलीकडं बघायलेले.
सातव्यांदा त्यानं मान वर केली
आणि काही बोललाच नाही.
भिंतीवरचा तक्ता सोडून माझ्याकडं बघत राहिला.
तुमच्या हनुवटीवर तीळ आहे, म्हणाला.
एकच.

चंद्र त्याला कायम चार-पाच दिसायचे,
एकात एक अडकलेले, पिंजल्यासारखे.
गच्चीवर सगळे बोटं दाखवायचे,
हा आपला, हां हां.
यंदा एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी फोन आला.
ताई, दिसला. नखाएवढा आहे. मीच दाखवला सगळ्यांना.
मागं पोरांचा कल्ला.
मी विचारलं, लेन्स कधी घातलीस?
सहरीनंतर.
बाप रे, चौदा तास झाले. काढ आधी.
ईद उद्याची आहे, डोळे जन्माचे.
तो म्हणाला, हाव ताई. पाचच मिनिटं.

फोन ठेवला.
माझ्याही काढायच्याच होत्या, डबी उघडलेली,
हात धुतलेले.
उजवी आधी.
आरशात ती हनुवटी दिसली.
मी डबी मिटली आणि तशीच जिना चढले.