एकारान्त

ये, ने, दे, घे.
चार दिवसांत कळलं: आपली निम्मी फर्मानं
कुत्रीच्या कानात एकच.
तिघऱ्याच्या वाऱ्यावर नुसता ए उरतो
आणि जायफळ गुडघाभर पाण्यात,
वळून माझ्याकडे बघत.

नावही चुकलंच. पहिल्या अक्षरालाच
‘जा’ समजून सुटायची.
आता बोका म्हणतो. मादीला बोका!
मुरारची गल्ली हसते, ती मात्र ऐकते.

आबासाहेबांचे हुकूम इंग्रजीत असत.
त्यांच्या कुत्र्यांना मराठी येत नव्हतं.
आम्हाला ते बोलावत, तेही शिट्टीनंच.

‘हट’ वापरायचं नाही, ते दूधवाल्यापासून सगळेच म्हणतात.
‘डावीकडे’ संपेस्तोवर तळं संपतं; तिथे हातच बरा.
थांब: एक लांब शिट्टी, तळवा वर.
आण चालेल. ण टाळूवर आपटून
पलीकडच्या काठापर्यंत जातो.

बंदूक कधीच जमा केली. मी फेकतो
भुसा भरलेली कॅनव्हासची वळकटी,
तिच्यावर दोन पिसं शिवलेली,
आणि ती आणते, आणि मी म्हणतो, सोड.
ड वर जीभ जड पडते. दुसऱ्या कशाशी जुळत नाही.

काल न फेकताच काहीतरी घेऊन आली.
पाणकोंबडीचं पिल्लू,
दातांचा ओरखडाही नाही, ओलं, काळं, धडधडणारं.
सोड, म्हटलं. सोडलं माझ्या ओंजळीत.

मग समोर बसून राहिली.
मी बोटं मिटून उभा,
आणि तो शब्द मला म्हणणारं कोणी नव्हतं.